कृष्ण मेनन : उपनगरांचा कौल आणि युद्धाचा निकाल

व्ही. के. कृष्ण मेनन मूळचे केरळचे. लंडनमध्ये ‘इंडिया लीग’च्या माध्यमातून त्यांनी भारतीय स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि १९४७ मध्ये ते ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त झाले. १९५७ मध्ये ते मुंबईतून लोकसभेवर निवडून आले व देशाचे संरक्षणमंत्री झाले.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. अमेरिका व ब्रिटनने सुरक्षा परिषदेत या कारवाईवर आक्षेप घेतला. देशात मात्र तिचे उत्स्फूर्त स्वागत झाले. दोनच महिन्यांनी उपनगरांचा समावेश असलेल्या उत्तर मुंबईत आचार्य कृपलानी मेनन यांच्याविरुद्ध उभे राहिले. चीन सीमेवरील ढिलाई हा प्रचारातील कळीचा मुद्दा होता. मतदारांनी मेनन यांना लाखाहून अधिक मताधिक्य दिले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला आणि सैन्याची अपुरी सज्जता उघडी पडली. लोकक्षोभ व स्वपक्षीय खासदारांचा दबाव यांमुळे ७ नोव्हेंबरला मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे गेले. १९६७ मध्ये काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यावर मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले, स. गो. बर्वे यांनी त्यांचा पराभव केला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९६२ चा कौल निर्विवाद होता. मात्र तो देताना सीमेवरील खरी स्थिती मतदारांपुढे आलेली नव्हती. सज्जतेची माहिती दडलेली असेल, तर युद्धाच्या प्रश्नावर जनतेची संमती अपुरीच राहते.