मराठी शाळामास्तरांचे आकाश

उच्च विज्ञान मराठीत मांडता येत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे चरित्र एकवार डोळ्यांखालून घालावे. १८५३ साली दापोलीजवळच्या मुरुड गावी जन्मलेल्या या गृहस्थांचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून ते शिक्षक होऊन बाहेर पडले, आणि मग रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत गेल्या. बदलीबरोबर पुस्तकांचे गाठोडेही हलवावे लागणारच.

तरीही शिलालेखांतील तिथीवारांचे गणित अडले, की फ्लीटसारख्या पुराभिलेखज्ञाला या मास्तरांची मदत घ्यावी लागे. रॉबर्ट सेवेलसमवेत त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा बृहद् इतिहास बाहेर पडला, आणि तो मराठीत होता! सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ त्यांनी आधीच लिहिले होते.

त्यांच्या पद्धतीचा एकच मासला पुरे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. आज नोव्हेंबरच्या सायंकाळी मुलुंड वा बोरिवलीच्या गच्चीवरून पाहावे, तर त्या पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेस उगवतात. संपातबिंदू ७२ वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो, त्याचा हा परिणाम. हे गणित मागे नेऊन दीक्षितांनी त्या निरीक्षणाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे ठरविला. हा काळ सर्वांना मान्य नाही, आणि वाद रास्तही आहे. पण दीक्षितांचे गणित शाळेतल्या मुलालाही पडताळून पाहता येते, हे विसरता कामा नये.

याच अयनचलनामुळे निरयन पंचांगातले सण ऋतूंपासून हळूहळू सरकत आहेत. म्हणून विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षितांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. पुढे मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने जी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, तिचे वर्ष सायनच आहे. घरोघरीची पंचांगे मात्र अजून निरयनच!

१८९८ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी दीक्षित निवर्तले. त्या वेळी ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकांनाच शिकवीत होते. त्यांच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर हवामान खात्याने प्रसिद्ध केले, त्याचा पहिला भाग निघायला १९६९ साल उजाडले.