पाखरांसाठी पाणथळ राखणारे डॉ. सालिम अली : भरतपूरच्या म्हशी आणि आपल्या खाडीसाठी धडा

मोरवा (मीरा-भाईंदर) : मोरवा, राई, मुर्धा, डोंगरी, उत्तन या पट्ट्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, शिक्का कसला पडलाय? कुणाच्या मिठागराला लागून तिवरं वाढली आहेत, कुणाच्या खाजणावरून सीआरझेडची रेघ गेली आहे. पलीकडे चेणे-घोडबंदरच्या डोंगरात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, राखीव वन, रामसर हे शब्द आपण रोज ऐकतो. पण कुठल्या शब्दाने काय वाचतं आणि कुणाचं काय बंद होतं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ते समजून घ्यायला आपल्याच मुंबईत जन्मलेल्या आणि अलिबागजवळच्या किहीमला राहून गेलेल्या एका माणसाचं आयुष्य उपयोगी पडतं. ते म्हणजे पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली.

एका चिमणीपासून सुरुवात

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वडील गेले तेव्हा ते वर्षाचेही झाले असतील-नसतील, आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात त्यांना वाढवलं.

मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी पोराच्या हातात छर्‍याची बंदूक दिली. एक दिवस त्या बंदुकीने एक चिमणी पडली. नेहमीची घरचिमणी ती नव्हती, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी म्हणून पोराने विचारलं, तर मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे, म्हणजे बीएनएचएसकडे पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरून ठेवलेले पक्षी कपाटं उघडून दाखवले. तिथून जी गोडी लागली ती शेवटपर्यंत सुटली नाही.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलात जास्त रमले. परत आल्यावर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. मोठी पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणी सर्वेक्षण संस्थेतली नोकरी हुकली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगायचं काम मिळालं. मग बर्लिनला जाऊन प्रा. स्ट्रेसमान यांच्या हाताखाली ते शास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली.

किहीमची सुगरण

नोकरी नाही, म्हणून नवरा-बायको किहीमला समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. घराजवळ सुगरणीची वसाहत होती. पावसाळाभर सालिम अली त्या घरट्यांसमोर बसून राहिले आणि रोजचं रोज लिहून ठेवलं.

आपण तिला सुगरण म्हणतो, पण घरटं विणतो तो नर. तो अर्धं घरटं विणून थांबतो. मादी येते, आत-बाहेर बघून पसंत करते, मगच तो उरलेलं पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसरी मादी बोलावतो. ही गोष्ट पहिल्यांदा इतक्या बारकाईने मांडली गेली ती या कोकणच्या किनाऱ्यावरून. नुसता पक्षी मारून कपाटात ठेवण्यापेक्षा तो जगतो कसा हे बघायचं, ही त्यांची पद्धत इथे पक्की झाली.

त्यानंतर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशा संस्थानांना सांगून पाहिलं की तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची नोंद करून देतो, फक्त प्रवास आणि राहण्याचा खर्च द्या. बैलगाडी, तंबू आणि सोबत तेहमिना, असा तो संसार. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. ते बहिणीच्या घरी राहायला गेले आणि काम दुपटीने वाढवलं. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं चित्रांचं पुस्तक आलं. पुढे अमेरिकेचे रिप्ले यांच्यासोबत दहा खंडांचा मोठा ग्रंथ झाला. पद्मभूषण, पद्मविभूषण मिळालं. परदेशातून मोठं बक्षीस मिळालं, तर त्या पैशातून बीएनएचएसमध्ये निधी उभा केला.

भरतपूर वाचलं कसं

आता मुख्य गोष्ट. राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव घना नावाची सुमारे २९ चौरस किलोमीटरची पाणथळ आहे. तिथल्या महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठी सखल जागेत बांध घालून पाणी साठवलं होतं. १९३८ मध्ये एका दिवसात व्हाइसरॉय आणि पाहुण्यांनी तिथे चार हजारांवर पक्षी मारले होते.

स्वातंत्र्यानंतर संस्थान गेलं आणि मागणी आली की पाणी सोडून द्या, जमीन शेतीला वाटा. मागणी चुकीची म्हणता येणार नाही, लोकांना शेत हवं होतं. पण तिथे सैबेरियातून क्रौंच यायचे, हजारो बगळे-करकोचे घरटी करायचे. सालिम अली यांनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि जागा राहिली. १९५६ मध्ये ती पक्षी अभयारण्य झाली. १९८१ मध्ये ओरिसाच्या चिलिका सरोवरासोबत ती देशातली पहिली रामसर जागा ठरली. रामसर हे इराणमधलं गाव. पाणथळी जपण्याचा जागतिक करार तिथे १९७१ मध्ये झाला, म्हणून हे नाव.

केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये म्हणूनही त्यांनी आपलं वजन वापरलं. ते जंगल १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं.

आणि म्हशींचं काय झालं

भरतपूरचा शिक्का नंतर आणखी कडक झाला. अभयारण्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात या दोन शब्दांत मोठा फरक आहे. अभयारण्यात परवानगीने गुरं चरू शकतात, लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला पूर्ण मनाई.

आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात उतरत होत्या. चराई पक्ष्यांना घातक आहे, असं तज्ज्ञांचं मत होतं आणि सालिम अलीही त्याच मताचे होते. १९८२ मध्ये चराई एकदम बंद केली. चारा दुसरीकडून कुठून आणायचा याची सोय नाही. गावकरी भडकले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

पुढे जे झालं ते सगळ्यांनाच चकित करणारं होतं. बीएनएचएसचा अभ्यास त्या काळात तिथे वर्षानुवर्षं चालू होता. ज्या संस्थेत सालिम अलींचं आयुष्य गेलं तीच ही संस्था. तिच्या शास्त्रज्ञांना दिसलं की म्हशी गेल्यावर पाण्यात गवत बेसुमार माजलं. मोकळं पाणी झाकलं गेलं. बदकांना पोहायला, पक्ष्यांना मासे आणि कंद शोधायला जागा उरेना. म्हशी गवत खाऊन तळं मोकळं ठेवत होत्या. म्हणजे ज्यांना बाहेर काढलं, ती गुरं पाखरांचंच काम करत होती. हा निष्कर्ष पक्ष्यांच्या बाजूच्या संस्थेने स्वतःच्या मताविरुद्ध जाऊन छापला.

सालिम अली १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमले गेले आणि २० जून १९८७ रोजी मुंबईत वारले. अभ्यासाचा शेवटचा अहवाल त्यांच्यानंतर आला. किहीमला घरट्यासमोर महिनोन्‌महिने बसून मगच बोलणारा माणूस, पण भरतपूरच्या म्हशींच्या बाबतीत हुकूम आधी निघाला आणि पाहणीचं उत्तर नंतर आलं. याने त्यांचं काम लहान होत नाही. शिक्काच नसता तर आज तिथे ना म्हशी असत्या, ना तळं. पण कुठला शिक्का आणि कसा, हा प्रश्न तितकाच मोठा आहे, हे भरतपूरने दाखवलं.

आपल्या खाडीसाठी याचा अर्थ काय

सालिम अलींच्या नावाचं अभयारण्य गोव्यात चोडण बेटावर आहे, मांडवी नदीच्या तिवरांत. १९८८ मध्ये ते झालं, दोन चौरस किलोमीटरही नाही एवढं. बेटावर गावं आहेत, माणसं राहतात, मासे धरतात. आपल्या ठाणे खाडीत २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ती रामसर जागा ठरली. म्हणजे खाडी, चिखल, तिवर यांनाही डोंगरातल्या जंगलाइतकाच मान आता कायद्याने मिळतो.

आपल्या बाजूला तिवरांवर दोन कायदे लागतात. एक, किनारपट्टीचा सीआरझेड, १९९१ पासून. त्यात तिवरं सगळ्यात कडक वर्गात येतात. दुसरा, वनकायदा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर जमीन सरकारी असो की खासगी, तिवर तोडता येत नाही. सरकारी जमिनीवरचं कांदळवन वनखात्याकडे द्यायचं आहे. तिवर गेलं तर भरतीचं पाणी अडणार नाही, चिंबोरी-निवटी-कोलंबीची पिल्लं वाढणार नाहीत, हे मच्छी धरणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण शिक्क्याचा शब्द नीट वाचा. राखीव वन असेल तर ज्याला परवानगी आहे तेवढंच चालतं. संरक्षित वन असेल तर ज्याला मनाई केली तेवढंच बंद. अभयारण्य करायचं ठरलं तर जिल्हाधिकाऱ्यांनी गावागावात मराठीत जाहीरनामा लावायचा असतो आणि हक्क सांगायला दोन महिने मिळतात. पायवाट, मासेमारी, चराई, होडी लावायची जागा, जे पूर्वीपासून आहे ते त्या मुदतीत लेखी द्यावं लागतं. नंतर बोलून उपयोग होत नाही.

आणि एक शब्द अजून लक्षात ठेवण्यासारखा आहे, समुदाय राखीव क्षेत्र. २००२ च्या दुरुस्तीने तो वन्यजीव कायद्यात आला. यात गाव किंवा जमीनमालक स्वतःहून पुढे येऊन आपली जागा राखायची तयारी दाखवतात, मालकी त्यांचीच राहते आणि देखरेखीच्या समितीत गावचे प्रतिनिधी बसतात. कुठली पाखरं कधी येतात, बांध कुठे फुटतो, कोलंबी कुठल्या नाल्यात चढते याची वही गावातच कुणी ठेवली, तर शिक्का ठरवायला साहेब येतील तेव्हा दाखवायला हातात काहीतरी असेल. भरतपूरच्या गावकऱ्यांकडे ते ज्ञान होतं. पण १९८२ मध्ये ते त्यांना कुणी विचारलं नाही.