ओटो लिलिएंथाल
ओटो लिलिएंथाल (जन्म : २३ मे १८४८, अंक्लाम, पोमेरेनिया, मृत्यू : १० ऑगस्ट १८९६, बर्लिन) हे जर्मन अभियंते, उद्योजक व विमानविद्येतील आद्य प्रवर्तक होते. स्वतः तयार केलेल्या पंखांना लटकून, टेकडीच्या उतारावरून वाऱ्याच्या आधाराने वारंवार व सुरक्षितपणे तरंगत जाणारे ते पहिले मानव मानले जातात. १८९१ ते १८९६ या काळात त्यांनी सुमारे २,००० उड्डाणे केली. आज हँग ग्लायडिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रीडाप्रकाराचे मूळ त्यांच्या या उड्डाणांत आहे. त्यांच्यापूर्वीही पंख बांधून उंचावरून उड्या घेणारे अनेक होऊन गेले. परंतु उडणे ही पायरीपायरीने शिकण्याची विद्या आहे, हे ओळखून त्याप्रमाणे वागणारे लिलिएंथाल हे पहिले.

बालपण आणि शिक्षण

लिलिएंथाल यांचा जन्म प्रशियाच्या राज्यातील अंक्लाम या लहानशा गावी झाला. वडील गुस्ताव हे कापडाचे व्यापारी होते; आई कारोलीन यांनी गायनाचे शिक्षण घेतले होते. आठ अपत्यांपैकी ओटो, धाकटा भाऊ गुस्ताव आणि बहीण मारी ही तिघेच जगली. कुटुंब अमेरिकेत स्थलांतर करण्याच्या तयारीत असतानाच १८६१ मध्ये वडिलांचे निधन झाले. तो बेत बारगळला व तिन्ही मुलांच्या संगोपनाचा भार एकट्या आईवर आला.

अंक्लामच्या आसपासच्या कुरणांत पांढरे करकोचे मोठ्या संख्येने उतरत असत. हा जड अंगाचा पक्षी जमिनीवरून उठताना नेहमी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावतो आणि एकदा वर गेला की पंख न हलवताही बराच काळ तरंगत राहतो, हे दोघा भावांनी शाळकरी वयातच हेरले होते. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात त्यांनी लाकडी पट्ट्यांचे पंख करून हातांना बांधले व उडण्याचा प्रयत्न केला. सोबत्यांच्या चेष्टेला तोंड द्यावे लागू नये म्हणून हे प्रयोग रात्रीच्या वेळी चालत. ते अर्थातच फसले.

१८६४ मध्ये ओटो यांनी पॉट्सडाम येथील तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला व तेथील अंतिम परीक्षेत उत्कृष्ट यश मिळविले. त्यानंतर बर्लिनमधील श्वार्ट्सकॉफ यांच्या यंत्रशाळेत प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊन १८६७ मध्ये ते बर्लिनच्या तांत्रिक अकादमीत दाखल झाले. याच सुमारास दोघा भावांनी पंख फडफडविणारी यंत्रे बांधून पाहिली. माणसाच्या पायांत स्वतःचे संपूर्ण वजन उचलण्याइतकी शक्ती नाही, एवढे त्या यंत्रांवरून स्पष्ट झाले. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ओटो स्वयंसेवक म्हणून लढले आणि पॅरिसच्या वेढ्यात सहभागी होते. वेढलेल्या शहरातून बाहेर पडणारे वायुफुगे तेव्हा सर्वांच्या कौतुकाचा विषय झाले होते, पण ओटो यांचे लक्ष पक्ष्यांवरून हटले नाही.

मोजमापांची वर्षे

युद्धानंतर लिलिएंथाल यांनी बर्लिनमधील एका यंत्रनिर्मिती कारखान्यात अभियंता म्हणून नोकरी धरली. खाणकामाच्या यंत्राच्या निमित्ताने ते सॅक्सनीत गेले असता आग्नेस फिशर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १८७८ मध्ये त्यांचा विवाह झाला व त्यांना चार अपत्ये झाली. पुढे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. नागमोडी नळ्यांचा, स्फोटाचा धोका कमी असलेला लहान बाष्पक हे त्या कारखान्याचे मुख्य उत्पादन होते, आणि उड्डाणाच्या प्रयोगांचा खर्चही त्याच मिळकतीतून निघाला. कामगारांना नफ्यात वाटा देण्याची पद्धत त्यांनी आपल्या कारखान्यात सुरू केली. नाट्यकलेचीही त्यांना आवड होती. त्यांनी स्वतः एक नाटक लिहिले आणि बर्लिनमधील एका नाट्यगृहाच्या कारभारात भाग घेऊन गरिबांना परवडतील अशा दरात प्रयोग दाखविण्याचा खटाटोप केला. भाऊ गुस्ताव यांच्यासमवेत त्यांनी मुलांसाठी दगडी ठोकळ्यांचे खेळणे शोधून काढले होते. त्याचे हक्क त्यांनी विकून टाकले आणि नफा विकत घेणाऱ्याला झाला.

१८७४ पासून दोघा भावांनी हवेच्या दाबाची पद्धतशीर मोजणी सुरू केली. एका उभ्या खांबाभोवती फिरणाऱ्या लांब दांड्याच्या टोकांना निरनिराळ्या आकारांचे पत्रे लावून, वजनांच्या साहाय्याने तो दांडा फिरवायचा आणि पत्र्यावर किती उच्चालक प्रेरणा व किती रोध निर्माण होतो हे टिपायचे, अशी ही पद्धत होती. सपाट पत्र्यापेक्षा पक्ष्याच्या पंखासारखा किंचित बाक दिलेला पत्रा कितीतरी अधिक भार उचलतो आणि त्या मानाने रोध कमी करतो, हा या मोजणीचा मुख्य निष्कर्ष होय. मधल्या काळात गुस्ताव काही वर्षे ऑस्ट्रेलियात होते व काम खोळंबले होते. ते परतल्यावर मोजणी पुन्हा सुरू झाली, आणि १८८९ मध्ये पक्ष्यांचे उड्डाण हा उड्डाणकलेचा पाया आहे असे मांडणारा ओटो यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या हयातीत या ग्रंथाच्या फारच थोड्या प्रती खपल्या. पंखावरील प्रेरणा आलेखाच्या रूपाने दाखविण्याची त्यांची रीत मात्र विमानशास्त्रात रूढ झाली.

उड्डाणाचे शिक्षण

ग्रंथ लिहून झाला तेव्हा लिलिएंथाल चाळिशी ओलांडलेले होते आणि एकदाही उडाले नव्हते. पंख भार उचलू शकतो हे कोष्टकांवरून सिद्ध झाले होते, परंतु वाऱ्याच्या झुळकेत त्या पंखाखाली शरीराचा तोल कसा सांभाळायचा, हे कोणत्याही कोष्टकात नव्हते. ते सांगू शकेल असा शिक्षकही जगात नव्हता. या टप्प्यावर त्यांनी घेतलेला निर्णय हाच त्यांच्या कार्याचा गाभा म्हणावा लागेल. इंजिन नको, उंच कडा नको, पहिल्याच प्रयत्नात यश हवे असा आग्रहही नको; आधी वाऱ्याची ओळख करून घ्यायची, असे त्यांनी ठरविले.

पहिली पायरी म्हणजे नुसते उभे राहणे. वाळुंजाच्या काठ्यांवर सुती कापड ताणून केलेले पंख धरून ते वाऱ्याकडे तोंड करून उभे राहत व झुळूक आली की पंख कसा उचलला जातो, कोणत्या बाजूला झुकतो, हे हातांनी अनुभवत. मागे शेपटीसारखा स्थिर पृष्ठभाग असल्याखेरीज पंख वाऱ्यात स्वस्थ राहत नाही, हा धडा याच काळातला.

त्यानंतर १८९१ मध्ये बर्लिनजवळील लिश्टरफेल्डे येथील आपल्या घराच्या बागेत त्यांनी धावत येऊन उडी घेण्यासाठी एक फळी उभारली. आरंभी ती जमिनीपासून सुमारे १ मी. उंच होती. सराव होत गेला तशी तिची उंची वाढविण्यात आली. बाष्पयंत्रांचा एक प्रतिष्ठित कारखानदार घरामागे पंख लावून पुन्हापुन्हा उड्या मारतो, हे दृश्य शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. या उड्यांत हवेत घालविलेला वेळ क्षणभराचा असे. पण पडले तरी इजा होणार नाही एवढ्या उंचीवर चुका करण्याची मुभा त्यातून मिळत होती.

त्याच वर्षी ते पॉट्सडामच्या पश्चिमेस डेर्विट्स व क्रीलो या गावांच्या परिसरातील लहान टेकाडांवर गेले. तेथे त्यांनी सुमारे २५ मी. अंतरापर्यंत तरंगत जाण्यात यश मिळविले. माणसाच्या उड्डाणाची खरी सुरुवात याच उड्डाणांपासून धरली जाते. १८९२ मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लित्स भागात हे अंतर सुमारे ८० मी. पर्यंत गेले, आणि १८९३ मध्ये ऱ्हिनो भागातील मोकळ्या, गवताळ टेकड्यांवर २५० मी. पर्यंत पोहोचले.

या यंत्रात चालक दोन्ही हातांच्या कोपरांपुढील भाग गादी लावलेल्या आधारांत घालून आडव्या दांडीला घट्ट पकडत असे. छातीखालचे शरीर मोकळे लटकत राही. सुकाणू नव्हते. उजवा पंख उचलला गेला तर पाय उजवीकडे झोकून गुरुत्वमध्य तिकडे न्यायचा, नाक वर उठले तर पाय पुढे टाकायचे, एवढीच नियंत्रणाची साधने होती. नवशिक्याची उपजत प्रवृत्ती नेमकी याच्या उलट असते. एक बाजू खाली गेली की माणूस जमिनीचा आधार शोधण्यासाठी त्याच बाजूला पाय पसरतो, आणि त्यामुळे खाली गेलेली बाजू आणखी खाली जाते. ही सवय मोडून योग्य हालचाल अंगवळणी पाडण्यासाठी शेकडो लहान उड्डाणांचा सराव लागतो, यावर लिलिएंथाल यांचा भर होता. उतरतानाही शरीर मागे नेऊन पंखाचे तोंड वर उचलायचे, वेग मोडायचा व पक्ष्याप्रमाणे पायांवर अलगद उभे राहायचे, ही कृती त्यांनी सरावानेच साधली.

उडण्याची टेकडी

ऱ्हिनो येथे जाण्यासाठी रेल्वेचा प्रवास करावा लागे आणि तेथेही वारा योग्य दिशेचा असेलच असे नसे. म्हणून १८९४ मध्ये लिलिएंथाल यांनी लिश्टरफेल्डे येथे सुमारे १५ मी. उंचीची शंकूच्या आकाराची कृत्रिम टेकडी तयार करवून घेतली. तिच्या माथ्यावर यंत्रे ठेवण्याची खोली होती. वारा कोणत्याही दिशेने वाहत असला तरी त्याच्याकडे तोंड करून उतारावर धावता यावे, हा शंकूच्या आकाराचा हेतू होता. ही उड्डाणे पाहण्यासाठी लोक गर्दी करीत. ओटोमार आन्श्युट्स यांच्यासारख्या निष्णात छायाचित्रकारांनी ती टिपली. माणूस जमीन सोडून हवेत असल्याची ती छायाचित्रे नियतकालिकांतून जगभर पोहोचली आणि उड्डाणाचा प्रयत्न करणे हे वेडेपणाचे लक्षण आहे, ही समजूत बरीच कमी झाली.

याच काळात त्यांनी सुमारे २० किग्रॅ. वजनाचे, १३ चौ. मी. पृष्ठफळाचे व घडी घालून नेता येईल असे एक प्रमाणित यंत्र सिद्ध केले आणि ते ५०० मार्क किमतीला विक्रीस ठेवले. ठराविक नमुन्याचे उड्डाणयंत्र तयार करून विकण्याचा हा पहिलाच प्रकार होय. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की, ब्रिटिश अभियंते पर्सी पिल्चर आणि अमेरिकन वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट हे त्यांच्या ग्राहकांपैकी होते. पडल्यास धक्का सोसण्यासाठी त्यांनी यंत्राच्या पुढे वाळुंजाची वाकविलेली कमान बसविली होती. १८९४ मधील एका गंभीर अपघातातून ते या कमानीमुळेच बचावले. १८९५ मध्ये त्यांनी एकावर एक दोन पंख असलेली यंत्रेही उडविली.

त्यांच्या विचारातील उणीवही येथे नोंदविली पाहिजे. यांत्रिक शक्तीने उडायचे तर पक्ष्याप्रमाणे पंखांची टोके फडफडवावी लागतील, हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. त्यासाठी कार्बनी वायूच्या दाबावर चालणारे लहान इंजिन जोडून त्यांनी यंत्रे बांधली, परंतु ती इंजिनाच्या शक्तीवर उडाली नाहीत. शिवाय केवळ शरीर झोकून मिळणारे नियंत्रण तोकडे होते. हात आधारांत अडकलेले असल्याने फक्त कमरेखालचा भाग हलविता येत असे. पंख मोठा केला की तेवढ्याने भागत नसे.

अपघात व मृत्यू

९ ऑगस्ट १८९६ रोजी, रविवारी, लिलिएंथाल यांनी ऱ्हिनोजवळील श्टोलन गावच्या गोलेनबर्ग टेकडीवरून उड्डाणे केली. मदतीला त्यांचे यंत्रकारागीर पाउल बाइलिश होते. आधीची उड्डाणे व्यवस्थित पार पडली. नंतरच्या एका उड्डाणात, बहुधा उन्हाने तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या झोतामुळे, यंत्राचे नाक वर उचलले गेले व त्याचा वेग संपला. शरीर पुढे झोकून तोल सावरण्याचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला आणि सुमारे १५ मी. उंचीवरून ते यंत्रासह कोसळले. त्यांच्या मानेचा मणका मोडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना रेल्वेने बर्लिनला नेण्यात आले. तेथील रुग्णालयात १० ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. बलिदानाविषयीचे एक वाक्य त्यांचे अखेरचे शब्द म्हणून प्रसिद्ध आहे; परंतु त्याची सत्यता संशयास्पद आहे. बर्लिनमधील लांकव्हिट्स येथे त्यांचे दफन झाले.

इतक्या उड्डाणांची एकूण बेरीज करूनही लिलिएंथाल यांनी हवेत घालविलेला वेळ सुमारे पाच तासच भरतो.

वारसा

लिलिएंथाल यांच्या मृत्यूच्या बातमीने अमेरिकेतील विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंचे लक्ष उड्डाणाच्या प्रश्नाकडे पुन्हा वेधले. आधी ग्लायडरवर तोल शिकायचा व इंजिन नंतर जोडायचे, हा त्यांचा मार्ग लिलिएंथाल यांचाच होता. मात्र शरीर झोकण्याऐवजी पंखाला पीळ देऊन तोल सावरण्याची युक्ती त्यांनी योजिली. १९०१ मध्ये आपले ग्लायडर अपेक्षेइतका भार उचलत नाही असे दिसल्यावर त्यांना लिलिएंथाल यांच्या कोष्टकांविषयी शंका आली. स्वतः वातविवर बांधून मोजणी केल्यावर ती कोष्टके बव्हंशी योग्य असल्याचे त्यांना आढळले. पर्सी पिल्चर यांचाही १८९९ मध्ये ग्लायडरच्या अपघातात मृत्यू झाला.

इंजिनाच्या विमानांचे युग आल्यावर पंखाला लटकून उडण्याची कला जवळजवळ विस्मृतीत गेली. १९६० नंतर फ्रान्सिस रोगॅलो यांच्या लवचीक पंखाच्या आधारे तिचे पुनरुज्जीवन झाले. आधुनिक हँग ग्लायडरमध्ये चालक पट्ट्यांनी लटकलेला असतो आणि समोरची दांडी ढकलून किंवा ओढून संपूर्ण शरीर हलवू शकतो, त्यामुळे लिलिएंथाल यांना न मिळालेले नियंत्रण त्याला मिळते. नवशिक्याला मात्र आजही प्रथम सपाट जमिनीवर पंख धरून उभे राहण्यास, मग धावण्यास व त्यानंतर छोट्या उतारावरून काही मीटर तरंगण्यास शिकवितात. २३ मे १९७१ रोजी कॅलिफोर्नियात हँग ग्लायडर उडविणाऱ्यांचा जो मेळावा भरला, त्यासाठी लिलिएंथाल यांचा जन्मदिवस मुद्दाम निवडण्यात आला होता.

अंक्लाम येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. लिश्टरफेल्डे येथील टेकडीवर १९३२ मध्ये स्मारक उभारण्यात आले. बर्लिनच्या टेगेल विमानतळालाही १९८८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले होते. तो विमानतळ २०२० मध्ये बंद झाला. श्टोलन येथे, ते कोसळले त्या टेकडीजवळच्या गवताळ पट्टीवर, ऑक्टोबर १९८९ मध्ये पूर्व जर्मनीच्या विमानकंपनीचे एक मोठे इल्यूशिन-६२ प्रवासी विमान उतरविण्यात आले. ते आजही तेथेच उभे असून त्याला लिलिएंथाल यांच्या पत्नीचे, आग्नेस यांचे, नाव आहे.