रे. नारायण शेषाद्री व जालन्याजवळचे बेथेल

अर्धापुराच्या आसपासच्या खेड्यांत काळ्या जमिनीत केळीचे व उसाचे मळे पाहिले म्हणजे ही वस्ती येथे अनादि काळापासून अशीच आहे असे वाटते. परंतु प्रत्येक गाव कोणीतरी वसविलेले असते. प्रथम कोणीतरी विहीर खणतो, कोणीतरी बांध घालतो, आणि मग इतरांना तेथे राहावयास धीर येतो. आपल्या ह्याच मराठवाड्यात, जालना शहराजवळ, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी असे एक गाव नव्याने वसले. त्याचे नाव बेथेल. आणि ते वसविणारे रे. नारायण शेषाद्री. त्यांचे चरित्र आपल्या मंडळ्यांतील प्रत्येकाने, व विशेषेकरून उपदेशकांनी, जाणून घेण्याजोगे आहे.

नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात ते शिकले. तेथे डॉ. जॉन विल्सन व रे. रॉबर्ट नेसबिट ह्यांच्या सहवासात पवित्र शास्त्राचा त्यांनी पुष्कळ वर्षे विचार केला. पुढे सन १८४३ च्या सप्टेंबर महिन्यात रे. नेसबिट ह्यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळी डॉ. विल्सन मायदेशी गेलेले होते. त्याच वर्षी स्कॉटलंडातील मंडळीत मोठी फूट पडून मुंबईचे हे मिशनरी फ्री चर्चकडे गेले, व ज्या संस्था त्यांनी कष्टाने उभारल्या त्यांच्या इमारतींवर त्यांना पाणी सोडावे लागले.

नारायणरावांना मात्र इमारतीपेक्षा मोठी वस्तू सोडावी लागली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षे, हाही त्यांच्याबरोबर मिशनरींच्या घरी राहावयास आला होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली. न्यायाधीशांनी मुलाचे वय लहान म्हणून त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. परंतु एवढ्याने प्रकरण मिटले नाही. श्रीपत मिशनरींच्या घरी जेवला होता, तेव्हा त्यास पुन्हा जातीत घ्यावे किंवा नाही, ह्यावरून मुंबईत मोठा वाद माजला. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी प्रायश्चित्त देऊन मुलास परत घ्यावे असा पक्ष घेतला. आणि त्याबद्दल त्यांनाही स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. एका लहान मुलासाठी घर, जात व न्यायालय अशी तिघांची ओढाताण झाली. थोरला भाऊ एकीकडे व धाकटा दुसरीकडे, असे एका घराचे दोन भाग झाले. हा घाव नारायणरावांच्या आयुष्याच्या आरंभीच बसला, हे आपण विसरू नये.

सन १८५४ मध्ये त्यांची पाळकपदावर दीक्षा झाली. त्यांना मुंबईत मानाने राहता आले असते, कारण त्यांची विद्वत्ता व इंग्रजी वक्तृत्व सर्वांस ठाऊक होते. पण सन १८६० नंतरच्या काही वर्षांत ते जालन्यास आले. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते व तेथे पलटणींची छावणी होती. तेथे त्यांच्याकडे प्रथम वळले ते मुख्यत्वे मांग व महार समाजांतील लोक. ज्या लोकांची सावली टाळावी असे त्यांच्या कुळात शिकविले जात असे, त्यांच्याच उंबऱ्यावर हा ब्राह्मण जाऊन बसला.

परंतु त्या लोकांचे पोट गावाच्या बलुत्यावर होते. दोर वळावा, केरसुण्या कराव्या, गावची राखण करावी, आणि खळ्यावर आपला वाटा मागावा, असा शिरस्ता. गाव रुसले की तो वाटा बंद, विहीर तर आधीच बंद. मग केवळ उपदेश ऐकून कोणाचे घर चालणार? इंग्रजी मुलखात सन १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला होता. पण जमीन मुळीच नाही त्याला वारसा कशाचा? तेव्हा आपल्या लोकांना स्वतःची जमीन व स्वतःचे पाणी पाहिजे, हे नारायणरावांनी ओळखले.

त्या वेळी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग होते. नारायणरावांनी त्यांच्याकडे जमिनीची मागणी केली व त्यांच्या सरकाराकडून जालन्याजवळ जमीन मिळाली. मुसलमान दिवाणाने ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणास मांग व महार बांधवांकरिता जमीन द्यावी, ही गोष्ट त्या काळी थोडकी नव्हे. सन १८७० च्या सुमारास तेथे बेथेल उभे राहू लागले. घरे, विहिरी, शाळा व उपासनामंदिर ह्यांसह एक सबंध गाव झाले. याकोब घर सोडून जात असता उघड्यावर दगड उशाला घेऊन निजला, त्या जागेस त्याने बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव ठेविले. गावकुसाबाहेर ज्यांचा जन्म गेला त्यांच्या वस्तीस ह्याहून शोभेल असे नाव कोणते?

सन १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तीस नारायणराव गेले. तेथेही डोक्यावर आपले पागोटे त्यांनी तसेच ठेविले. गंमत अशी की त्या देशातही नव्या वसाहती करणाऱ्यांनी रान तोडून गावे वसविली तेव्हा कित्येकांस बेथेल हेच नाव दिले होते. पण त्या देशात पुष्कळ ठिकाणी मूळच्या रहिवाशांची जमीन जाऊन वसाहती झाल्या; जालन्याजवळ मात्र ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन नव्हती त्यांना ती मिळाली.

वेगळ्या वस्तीने माणूस सुरक्षित राहतो, पण शेजाऱ्यांपासून दूरही पडतो, असा आक्षेप अशा वसाहतींवर पुष्कळांनी घेतला आहे, आणि तो खोटा नाही. तथापि ज्याला विहिरीवर पाय ठेवू देत नाहीत, त्याला शेजार सोडल्याचा दोष देणे सोपे आहे. त्याच्यासाठी विहीर खणणे कठीण आहे.

नारायणराव सन १८९१ मध्ये निवर्तले. घरचा एक भाऊ त्यांना गमवावा लागला; पण जालन्याच्या माळावर त्यांनी पुष्कळांस भाऊ म्हटले व त्यांना बसावयास जागा मिळवून दिली. उपदेशक बंधूंनो, पुढील खेपेस एखाद्या वाडीवर जाल तेव्हा पुस्तक उघडण्यापूर्वी तेथील लोक पाणी कोठून आणतात, एवढे अवश्य विचारा.