महमूद गवान आणि त्यांचे दूरचे मित्र

बीदरचा मदरसा आपण पाहिलेला आहे. तो बांधणाऱ्या महमूद गवान यांच्या लढाया व महसुली सुधारणा इतिहासाच्या पुस्तकात येतात. त्यांच्या उतारवयातील एका मैत्रीविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही येथे लिहीत आहोत.

गवान यांचा जन्म १४११ च्या सुमारास इराणातील गिलान प्रांतात झाला. चाळिशी उलटल्यावर ते व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरले व बीदरला आले. पुढे दिल्लीला जाण्याचा विचार होता, पण बहमनी सुलतानाने त्यांना ठेवून घेतले. पुढे ते वजीर झाले. सत्ता मिळाली, पण बरोबरीचा सोबती मिळणे कठीण झाले. दरबारात दख्खनी आणि आफाकी म्हणजे परदेशातून आलेले, असे दोन तट होते. गवान स्वतः आफाकी, तरी पदे दोन्हीकडे सारखी वाटत. असे करणाऱ्यावर दोन्ही बाजू रुसतात, हे आमच्या विश्वस्तांना सांगायला नको!

नातवंडे कितीही लाडकी असली, तरी आपल्या आजोबांना संध्याकाळी पारावर आपल्या वयाची माणसे लागतातच. गवान यांनी ती सोबत पत्रांतून मिळविली. आजच्या अफगाणिस्तानातील हेरात येथे राहणारे फारसी कवी जामी १४१४ चे, म्हणजे जवळजवळ समवयस्क. गवान यांनी त्यांना दख्खनला येण्याचे आग्रहाचे निमंत्रण दिले. जामी आले नाहीत, पण पत्रव्यवहार राहिला. वजिराशी नव्हे, तर विद्येची आवड असणाऱ्या माणसाशी कोणी बोलावे, ही त्यांची भूक त्यातून भागत असावी असे आम्हांस वाटते. ‘रियाज-उल-इन्शा’ या त्यांच्या पत्रसंग्रहात जामींना लिहिलेली पत्रे आजही आहेत.

१४७२ मध्ये मदरसा पूर्ण झाला तेव्हा गवान साठीच्या पुढे होते. विद्यार्थी व शिक्षक तेथेच राहात, मोठे ग्रंथालयही होते. जामी आले असते तर कदाचित येथेच बसले असते.

१४८१ मध्ये विरोधकांनी त्यांच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून ओडिशाच्या राजाच्या नावे खोटे पत्र रचले. सुलतान महंमदशाह तिसरा याने चौकशी न करताच त्यांचा वध करविला. खजिना तपासला तेव्हा फारसे काही निघाले नाही. सुलतानास पश्चात्ताप झाला, पण उशीर झाला होता. पुढच्याच वर्षी तोही वारला.

गवान यांची कबर बीदर शहराबाहेर आहे. जामी त्यांच्यानंतर अकरा वर्षांनी, १४९२ मध्ये, हेरात येथे वारले.