खाशाबांच्या पदकाचा जमाखर्च

जत्रांच्या हंगामात ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत कुस्त्यांचे फड रंगतात. विजयी मल्लाच्या हाती पडणारे इनाम शेकडो लोक पाहतात. त्यातून दूध, तूप, बदाम यांची उधारी, वस्तादाचा मान आणि प्रवासखर्च वजा जाता त्याच्या घरी काय पोहोचते, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. मिळकत हंगामाची आणि खुराक बारा महिन्यांचा, हे या व्यवसायाचे मूळ दुखणे होय. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांनाही ते चुकले नाही.

कराडनजीकच्या गोळेश्वर गावी 15 जानेवारी 1926 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्याने तालमीचे संस्कार घरातच झाले. कराडच्या टिळक हायस्कुलातून ते पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथील गादी नवी आणि नियमही अपरिचित. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

पुढील चार वर्षांत पैलवानीचे अर्थकारणच बदलले. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय गेला आणि त्याची जागा घेणारी शासकीय व्यवस्था अजून उभी राहावयाची होती. 1952 च्या हेलसिंकी स्पर्धेसाठी सरकारकडून चार हजार रुपये मिळाले. ते पुरेसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. तीही अपुरी पडली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पगारावर संसार चालविणाऱ्या माणसाने विद्यार्थ्याच्या मनगटावर लावलेले हे भांडवल होते. कोणत्याही पेढीने असल्या तारणावर कर्ज दिले नसते.

जुलै 1952 मध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती पांगल्यावर कर्ज उरलेच होते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे जंगी फड भरविले, स्वतः आखाड्यात उतरले आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले. जगातला तिसरा मल्ल ठरल्यानंतरची ही कमाई अशी मागच्या खर्चापायी गेली. पदकाचा मान राष्ट्राच्या खाती जमा झाला. जोखीम मात्र एका शिक्षकाच्या घरावर बसली होती. खाशाबा रिकाम्या हाताने परतले असते, तर ती कोणी सोसली असती?

अमेरिकेत याच काळात वेगळाच हिशेब चालू होता. 1937 ते 1949 या काळात मुष्टियुद्धाचा जगज्जेता असलेल्या जो लुईच्या मिळकतीतून सरावशिबिराचा खर्च आणि व्यवस्थापकांचा भलामोठा वाटा निघून जाई. 1942 मध्ये दोन लढतींची कमाई त्याने नौदल व लष्कर यांच्या साहाय्यनिधींना दिली. तरीही प्राप्तिकराची थकबाकी साचत गेली आणि व्याज-दंडासह दहा लाख डॉलरांच्या पुढे गेली. ती फेडण्यासाठी निवृत्त लुईला 1950 मध्ये पुन्हा रिंगणात उतरावे लागले. कारकुनाची मिळकत तीस वर्षांवर पसरलेली असते. मुष्टियोद्ध्याची आठ-दहा वर्षांत एकवटते आणि म्हणूनच कराच्या वरच्या पायरीवर चढते. चढत्या दराच्या करपद्धतीत हा फरक सहज नजरेआड होतो. तरीसुद्धा लुईचा पैसा हाती आल्यावर गेला. खाशाबांचा येण्यापूर्वीच खर्ची पडला होता. कर निदान मिळकतीवर बसतो. सरावाचा खर्च हरणाऱ्यालाही सोडत नाही.

भारत सरकारने 2014 मध्ये ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धांतील पदकविजेत्यांना सरकारकडून मिळणाऱ्या बक्षिसांना प्राप्तिकरातून सूट दिली. सूट योग्यच. पण तिचा लाभ जिंकलेल्यालाच होतो. पदकाच्या आधीची उधारी त्यात कोठेच येत नाही.

खाशाबांनी अखेर नियमित वेतनाची वाट धरली. 1955 मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि 27 वर्षांच्या नोकरीनंतर साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. हंगामी इनामापेक्षा महिन्याचा पगार आणि निवृत्तिवेतन यांचा भरवसा मोठा, असा साधा विचार कोणीही करील. प्रत्यक्षात त्या निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. शेवटची वर्षे ओढाताणीत गेली. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. सन 2000 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला.