मोरया गोसावींचं मूळ गाव

मागच्या महिन्यात चिंचवडला आमच्या बचत गटाचे फॉर्म भरायचं काम चाललं होतं. ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी भालकीकडची एक मुलगी अडली. नवरा चाकणला कंपनीत, इथे येऊन आठ वर्षं झाली. पण बोलण्यात कानडी हेल आला की बायका अजून हसतात. मी तिला म्हटलं की बिनधास्त बिदर जिल्हा लिही, आपल्या मोरया गोसावींचं घराणंही तिकडचंच. सगळ्या माझ्याकडे बघायलाच लागल्या!

परंपरेने आलेली हकिगत अशी. वामनभट्ट शाळिग्राम आणि पार्वतीबाई हे बिदरचं जोडपं. पोटी मूल नाही म्हणून गाव सोडून मोरगावला आलं, गणपतीची सेवा केली. मुलगा झाला, त्याचं नाव मोरया. त्याने थेऊरला तपश्चर्या केली आणि आईवडील गेल्यावर पवनाकाठी येऊन राहिला. बायको उमाबाई, ताथवड्याच्या गोविंदराव कुलकर्ण्यांची लेक. मोरया चतुर्थीला मोरगावची पायी वारी करायचे. त्या दिवसांत उमाबाईंनी घर कसं रेटलं असेल, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

मुलगा चिंतामणी. त्यांना तुकाराम महाराजांनी देव म्हटलं आणि शाळिग्रामांचे ‘देव’ झाले, असं सांगतात. इथेच माझं गणित अडलं. मोरयांच्या समाधीचं साल १५६१ सांगितलं जातं. तुकोबा जन्मले १६०८ मध्ये. म्हणजे तुकोबा पंचविशीत असताना चिंतामणींनी सत्तरी ओलांडलेली! म्हणूनच काही अभ्यासक मोरयांना सतराव्या शतकात आणतात. समाधीमंदिराच्या भिंतीवरचा शिलालेखही बांधकाम शके १५८१ मध्ये, म्हणजे १६५९ ला पुरं झाल्याचं सांगतो. त्यात या घराण्यात आजोबांचं नाव नातवाला. चिंतामणींचे नारायण, नारायणांचे पुन्हा चिंतामणी. आमच्या सासरीही दोन विनायक आहेत, जमिनीच्या कागदावरचा कोणता यावरून दोन वर्षं गेली. मग चारशे वर्षांपूर्वीचं काय सांगावं?

असे सात देव झाले. ही यादी सगळीकडे वाचायला मिळते, पण तिच्यात एकाखाली एक मुलगेच. सुना कुठे नाहीत. शेवटचे देव १८१० मध्ये गेले, थेट वंश थांबला. गादी रिकामी राहिली तर देवस्थानची इनामं बंद पडतील, म्हणून पुजाऱ्यांनी दूरच्या नात्यातल्या एकाला बसवलं. पालखी मात्र भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरगावला जातेच.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. भालकीच्या मुलीला सालांशी काही देणंघेणं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, की उमाबाईंचं माहेर म्हणजे ते मोठमोठ्या सोसायट्यांचं ताथवडंच का. ती तिथेच दोन घरी पोळ्या करायला जाते.